मागच्या चाकाचा हिशेब : उपनगरांतली रिक्षा, रस्ता आणि झीज

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस रिक्षाच्या टायरवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही काही यंत्रशास्त्राचे जाणकार नव्हे. पण ‘झीज’ हा शब्द आम्हाला फार दिवसांपासून खुणावतो आहे. वस्तू झिजते म्हणजे नेमकं काय होतं? ती कोणामुळे झिजते? आणि झिजेचा खर्च कोणाच्या खात्यावर लिहायचा? हे प्रश्न पोथीतले वाटतात, पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या कुठल्याही रिक्षा स्टँडवर ते रोज सोडवले जातात. तेही पैशांत.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. तीनचाकी रिक्षाच्या मागच्या टायरची झीज हा इतिहासाचा विषय आहे. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत या गाडीच्या रचनेत, इंधनात, रस्त्यांत आणि परवान्यांत जे जे बदल झाले, त्यांतल्या बहुतेकांचा भार शेवटी मागच्या दोन चाकांवर येऊन पडला. आणि त्या भाराची नोंद आपण कधी स्वतंत्रपणे केली नाही. ती ‘देखभाल’ या एका शब्दात गुंडाळून ठेवली.

आता मुळापासून सुरुवात करू. ‘रिक्षा’ हा शब्द जपानी ‘जिनरिकिशा’चा उरलेला तुकडा. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर चालणारी गाडी. गंमत बघा, आपण शब्द छाटला तेव्हा त्यातला माणूसच नेमका गळून पडला. माणसानं ओढायची रिक्षा आपल्याला परकी नाही. माथेरानला मोटारींना बंदी, त्यामुळे तिथल्या लाल मातीच्या चढांवर हातरिक्षा एकविसाव्या शतकातही चालत राहिल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा बंद करायला सांगितलं, तेव्हा कुठे आपल्याला तिची पुन्हा आठवण झाली. हातरिक्षात झिजतात ते ओढणाऱ्याचे तळवे, गुडघे आणि पाठ. यांत्रिक रिक्षा आली तेव्हा ही झीज माणसाच्या अंगावरून काढून रबरावर टाकली गेली. रिक्षाच्या टायरकडे आम्ही असंच पाहतो : तो माणसाच्या तळव्याच्या जागी आलेला आहे.

आणि हवेचा टायर व्यवहारात आला तोही तीनचाकीवरूनच, हे किती जणांना ठाऊक आहे? रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट १८४५ मध्येच घेतलं होतं, पण ते काही चाललं नाही. मग १८८०च्या दशकाच्या अखेरीस बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचा एक पशुवैद्य आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीकडे बघत होता. टणक रबराच्या चाकांवर पोराला धक्के बसत होते. डनलॉपने रबराची पातळ नळी करून तिच्यात हवा भरली आणि ती चाकावर कापडात गुंडाळून बसवली. १८८८ मध्ये त्याने पेटंट घेतलं. पुढे थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचं टिकलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण हवेचा टायर जगात खऱ्या अर्थानं सुरू झाला तो एका लहान मुलाच्या तीन चाकांवरून.

त्या काळचे टायर काळे नव्हते, फिकट होते. रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक मिसळली तर ते कितीतरी पट चिवट होतं, हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उद्योगाच्या अंगवळणी पडलं आणि टायर काळे झाले. आपण टायरचा काळा रंग गृहीत धरतो. तो रंग नाहीच, ते झिजेवरचं औषध आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत पैसा नव्हता, मोटारी परवडत नव्हत्या. पियाज्जो कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर आणली. कोराडिनो दास्कानियो हा तिचा रचनाकार, मूळचा विमानांचा माणूस. दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच स्कूटरच्या मागे दोन चाकं आणि माल ठेवायची पेटी लावून ‘आपे’ तयार झाली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी, आपे म्हणजे मधमाशी. म्हणजे आपली रिक्षा वंशाने मोटारसायकलीच्या घराण्यातली आहे, मोटारीच्या नव्हे. हँडल आहे, स्टिअरिंग नाही. चाकं स्कूटरच्या मापाची. पण काम मात्र मोटारीचं. ही विसंगती लक्षात ठेवा, पुढे ती वारंवार भेटणार आहे.

आपल्याकडे नवलमल फिरोदिया या अहमदनगरच्या स्वातंत्र्यसैनिक उद्योजकाने, स्वातंत्र्य मिळाल्यानंतर लगेचच, मालवाहू तीनचाकीतून माणसं नेता येतील ही कल्पना धरली. माणसानं माणसाला ओढू नये, हा विचार त्यामागे होता. तेव्हाच्या मुंबई राज्याचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापर्यंत तो पोचला आणि पुण्यात रिक्षा धावू लागली. बजाज ऑटोला दुचाकी आणि तीनचाकी इथेच बनवण्याचा सरकारी परवाना १९५९ मध्ये मिळाला. त्यानंतरची कथा आपण रस्त्यावर पाहतोच आहोत.

आता मुंबईकडे येऊ. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत सरकली आणि १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. शहर वाढलं ते रेल्वेच्या दोन रुळांना धरून, उभं. पण माणसं राहायला गेली ती स्टेशनपासून आडवी, आत आत. स्टेशन ते घर हे दोन-चार किलोमीटर कोणी भरून काढायचे? बसने काही काढले, उरलेले रिक्षाने. बेटावरच्या शहरात रिक्षाला प्रवेश नाही. पश्चिमेला वांद्र्याच्या पुढे आणि मध्य रेल्वेच्या बाजूला शीवच्या पुढे तिला दक्षिणेकडे जाता येत नाही. टॅक्सी दोन्हीकडे चालते, रिक्षा फक्त उपनगरात. म्हणजे ही गाडी उपनगराच्या रस्त्यांशीच लग्न लावून बसली. ते रस्ते जसे, तशी तिची चाकं.

टायरचा कारखानाही इथेच आला, हाही योगायोग नोंदवण्यासारखा. इटलीच्या तुरीन शहरातली सिएट ही मुळात विजेच्या तारा बनवणारी कंपनी. तिच्या नावातली आद्याक्षरं ‘तुरीनच्या विद्युत तारा आणि तत्सम वस्तू’ अशा अर्थाची आहेत. तिची भारतीय शाखा टाटा समूहाच्या सहकार्याने १९५८ मध्ये स्थापन झाली आणि भांडुपला कारखाना उभा राहिला. घाटकोपर आणि मुलुंड यांच्या बरोबर मध्ये. इटलीच्या स्कूटरची तीनचाकी आणि इटलीच्या नावाचा टायर, दोघांचं मराठी मुलखात असं बस्तान बसलं.

आता प्रत्यक्ष टायर हातात घेऊ. त्यावर ‘४.००-८’ असं लिहिलेलं असतं. चार इंच रुंदी आणि आठ इंचांची रिम. चाकाचा घेर साधारण सव्वा मीटरहून थोडा जास्त, १.३ मीटर धरू. म्हणजे एक किलोमीटरला चाकाच्या सुमारे ७७० फेऱ्या होतात. मोटारीचं चाक मोठं, ते तेवढ्याच अंतरात साडेपाचशेच्या आसपास फिरतं. सध्याचं रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, त्यात दीड किलोमीटर. त्या २६ रुपयांत मागचं प्रत्येक चाक साडेअकराशे वेळा फिरतं. रिक्षा दिवसाला १०० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस चालते असं धरलं, तर वर्षात ३०,००० किलोमीटर, म्हणजे दोन कोटी ३१ लाख फेऱ्या. लहान चाकाचा प्रत्येक भाग रस्त्याला जास्त वेळा भेटतो, म्हणून लवकर झिजतो. आपल्या मोटारीचा टायर किती वर्षं गेला हे आपण सांगतो. रिक्षावाला महिन्यांत बोलतो.

तीन चाकांची मांडणी दोन प्रकारे होते. पुढे दोन, मागे एक. किंवा पुढे एक, मागे दोन. पहिल्या प्रकाराचं जुनं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधली मॉर्गन, १९१० च्या सुमाराची. नवं उदाहरण कॅनडाची कॅन-ॲम स्पायडर, २००७ मध्ये आलेली, लांबच्या सहलींसाठीची दणकट तीनचाकी. तिथे मागे एकच चाक. इंजिनाची सगळी ताकद त्या एकट्या टायरमधून रस्त्यावर उतरते, त्यामुळे पुढचे दोन टायर धडधाकट असताना मागचा मधोमध गुळगुळीत होऊन बसतो. तिथे ही मंडळी हौसेनं फिरणारी. टायर गेला तर खिशाला चाट बसते, पोटाला नाही.

आपली रिक्षा दुसऱ्या प्रकारातली. मागे दोन चाकं आहेत, तेव्हा ओझं वाटलं गेलं, असं वाटेल. पण कोण कुठे बसतं ते पाहा. पुढच्या चाकाजवळ एकटा चालक. मागच्या चाकांवर तीन प्रवासी, त्यांच्या पिशव्या आणि शनिवार-रविवारी मुलंबाळं. आणि १९७७ मध्ये बजाजने मागे इंजिन असलेली रिक्षा आणली. त्याआधीच्या गाडीत इंजिन पुढच्या भागात होतं, चालकाला त्याची धग लागायची, आवाज कानाशी यायचा. इंजिन मागे गेलं, चालकाला जरा बरं वाटलं, प्रवाशालाही ऐसपैस झालं. रचना म्हणून ही सुधारणाच होती. पण वजन कुठेतरी जातंच ना? ते मागच्या चाकांवर गेलं. पुढे नैसर्गिक वायूवर गाडी चालवणं आलं. हवा सुधारली, इंधनाचा खर्च उतरला, हे शहराचं मोठं भाग्य. पण वायू ज्यात भरायचा ते सिलिंडर जड असतं, त्याचीही भर पडली.

पण वजन ही अर्धीच गोष्ट. टायर नुसत्या वजनाने झिजत नाही, तो घसरण्याने झिजतो. दिसेल अशी घसरण नव्हे. चाक रस्त्यावर टेकतं तेव्हा तळहाताएवढा भाग जमिनीला चिकटतो आणि त्या भागाच्या मागच्या कडेला रबर अगदी किंचित सरकतं. या सरकण्यातूनच कण सुटतात. गाडी नुसती सरळ, एकाच वेगाने चालली तर हे सरकणं थोडं. ब्रेक दाबला, गाडी उचलली, वळवली की वाढतं. वळताना आडवं बळ दुप्पट झालं तर झीज दुप्पट होत नाही, ढोबळमानाने चौपट होते. आता अंधेरी-कुर्ला रस्त्यावर संध्याकाळी साडेसहाला काय चालतं ते आठवा. उचल, दाब, वळव, पुन्हा उचल. रिक्षा जागच्या जागी वळते म्हणून आपण तिचं कौतुक करतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर काटावं लागतं, आतल्याला कमी. त्यासाठी डिफरन्शियल असतं, ती एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सची देणगी. पण डिफरन्शियल फक्त दोन चाकांच्या वेगातला फरक सांभाळतं, आडवं घासणं ते थांबवू शकत नाही. प्रत्येक यू-टर्नला मागच्या टायरचा थोडा पापुद्रा रस्त्यावर राहतो.

आणि रस्ता. घाटकोपरच्या नावातच घाट आहे. असल्फाच्या टेकडीवर रिक्षा चढते तेव्हा मागच्या चाकांना दुप्पट काम पडतं. चढताना वजन मागे सरकतं आणि ओढणारी चाकंही तीच. मुलुंडला डोंगराच्या बाजूच्या वसाहतींत हेच. पवईचा चढ, साकीनाक्याची कोंडी, मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला खडी सांडलेला रस्ता, बोरिवलीला स्टेशनबाहेर पाचशे मीटरला दहा वेळा थांबणं. रस्त्यांचे पेव्हर ब्लॉक सुटले की त्यांच्या कडा सुरीसारख्या लागतात. २०२३ पासून महापालिकेने रस्ते काँक्रीटचे करण्याचा मोठा कार्यक्रम घेतला. खड्डा कमी झाला की टायरचं कापड फुटणं कमी होतं, हा फायदा मोठाच. पण नव्या काँक्रीटवर गाडी घसरू नये, पाणी निघून जावं म्हणून रेघा मारलेल्या असतात. त्या टायरला चांगल्या धरतात, आणि जे धरतं ते खरवडतंही. पकड आणि झीज या जुळ्या बहिणी आहेत. एकीला घरात घेतलं की दुसरी येतेच.

पावसाची गोष्ट तर आणखी मजेदार. लोकांना वाटतं पावसाळ्यात टायर जास्त झिजतो. उलट आहे. ओल्या रस्त्यावर पाणी वंगणाचं काम करतं, रबर थंड राहतं, झीज कमी होते. मग पावसाळ्यातच टायर का फुटतात? कारण ओलं रबर काचेनं, खिळ्यानं, दगडाच्या धारेनं चटकन कापलं जातं आणि खड्डा पाण्याखाली दिसत नाही. उन्हाळ्यात टायर झिजून मरतो, पावसाळ्यात जखमेनं मरतो. रिक्षावाल्याला हा फरक पुस्तकाशिवाय माहीत असतो.

त्याला बरंच काही माहीत असतं. टायर मधोमध गेला तर हवा जास्त भरली होती. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी. एकच कड गेली तर चाक सरळ नाही. ठिकठिकाणी खळगे पडले तर शॉकॲब्सॉर्बर थकले किंवा ब्रेक धरतोय. टायर म्हणजे चालकानं आणि रस्त्यानं मिळून लिहिलेली वही आहे, आणि ती वाचता येणं हीसुद्धा एक साक्षरता आहे. तिन्ही चाकं एकाच मापाची असल्यानं पुढचा कमी झिजलेला टायर मागे टाकायचा, मागचा उतरलेला स्टेपनीला ठेवायचा, ही युक्ती सर्रास चालते. ‘स्टेपनी’ हा शब्दही वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाकाची सोय काढली. आपल्याकडे त्या रस्त्याचं नाव प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे. रिक्षाची रिम दोन अर्ध्या तबकड्या नट-बोल्टांनी जोडून केलेली, त्यामुळे टायर उतरवणं सोपं. एक पाना असला तर चालक फुटपाथवर बसून ते करतो.

मग येतं रिमोल्ड. टायरचा वरचा थर गेला, पण आतलं कापड शाबूत असेल तर त्यावर नवं रबर चढवायचं. म्हणजे टायरला दोन आयुष्यं असतात : कातडीचं आणि हाडांचं. कातडी बदलून तोच टायर पुन्हा कामाला लागतो. मिलिंदपञ्हात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो, की आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? रिमोल्डच्या दुकानात हाच प्रश्न वेगळ्या भाषेत चालतो : हा जुना टायर की नवा? दुकानदाराचं उत्तर नागसेनासारखंच व्यावहारिक असतं. ‘मागे लावा, पुढे लावू नका.’ पुढच्या एकट्या चाकावर गाडीची दिशा अवलंबून, तिथे जोखीम नको. म्हणजे दुसऱ्या जन्मातही ओझं मागच्याच चाकाला.

आता आम्ही आमच्या शेतात शिरतो, थोडं सोसा. झीज टायरमध्ये असते का? आपण म्हणतो ‘टायर झिजला’, जणू तो त्याचा स्वभाव. मालक म्हणतो चालकानं झिजवला. चालक म्हणतो रस्त्यानं झिजवला. महापालिका म्हणेल गाडीत माणसं जास्त भरता. वैशेषिक दर्शनात संयोग हा गुण मानला आहे, आणि तो एका वस्तूत राहत नाही, दोन वस्तूंत मिळून राहतो. शिवाय तो वस्तूला सगळीकडून व्यापत नाही. न्यायाच्या पोथ्यांत उदाहरण देतात ते झाडावरच्या माकडाचं. माकड फांदीवर बसलंय, म्हणजे झाडाशी त्याचा संयोग फांदीपाशी आहे, बुंध्यापाशी नाही. टायरचंही तसंच. सगळी गाडी, सगळे प्रवासी, सगळं शहर त्या तळहाताएवढ्या जागेपाशी रस्त्याला भेटतं. झीज त्या भेटीत आहे. ती टायरची नाही, चालकाची नाही, रस्त्याची नाही. तिघांच्या, किंबहुना सगळ्यांच्या संबंधाची आहे. आणि जी गोष्ट संबंधाची आहे तिचा खर्च संबंधातल्या एकाच टोकाला लावणं, हा नुसता हिशेबातला दोष नाही, तो न्यायातला दोष आहे.

हे टोक कोणतं, ते बघू. १९९७ मध्ये राज्य सरकारने नवे परवाने देणं थांबवलं. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ते पुन्हा खुले झाले. मधल्या काळात लोकवस्ती वाढली, परवाना दुर्मीळ झाला आणि त्यालाच किंमत आली. ज्याच्याकडे परवाना तो मालक, ज्याच्याकडे नाही तो पाळीवर चालवणारा. दिवसाचं ठरलेलं भाडं मालकाला द्यायचं, गॅस आपला, उरेल ते आपलं. साधारण रिवाज असा, की पंक्चर चालकाचं आणि टायर मालकाचा. ऐकायला ही वाटणी बरी वाटते. पण तिच्यात एक गाठ आहे. टायर मालकाचा, म्हणून मालक तो शेवटच्या रेघेपर्यंत चालवतो. पंक्चर चालकाचं, म्हणून त्या शेवटच्या रेघेचा त्रास चालक सोसतो. गुळगुळीत टायर जास्त वेळा पंक्चर होतो. म्हणजे एकाची बचत दुसऱ्याचा खर्च होतो, आणि ब्रेक लागला नाही तर तिसऱ्याच्या, म्हणजे मागे बसलेल्याच्या जिवावर येतं.

कायद्याची नजरही इथे जरा स्कूटरवरच थांबलेली दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरच्या खाचेची किमान खोली दुचाकी आणि तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर आहे, इतर वाहनांसाठी १.६. मघाशी म्हटलं ती विसंगती हीच. वंश स्कूटरचा म्हणून सवलत स्कूटरची. पण गाडीत माणसं बसतात चार, आणि ती जाते ट्रक-बसच्या शेजारून.

आणि भाड्याचं काय? २०१२ मध्ये हकीम समितीचं सूत्र आलं. इंधन, गाडीची किंमत, देखभाल, महागाई यांचा मेळ घालून भाडं ठरावं, दरवेळी संप-आंदोलनाची पाळी येऊ नये, हा त्यामागचा विचार. पुढे खटुआ समितीने ते सूत्र नव्यानं तपासलं. किमान भाडं मार्च २०२१ मध्ये २१ रुपये, ऑक्टोबर २०२२ मध्ये २३ आणि फेब्रुवारी २०२५ पासून २६ झालं. सूत्र असणं ही मोठी गोष्ट, आम्ही तिला कमी लेखत नाही. पण सूत्रात एकच सरासरी रस्ता असतो. असल्फाचा चढ आणि बोरिवलीचा सपाट लिंक रोड सूत्राला सारखेच. टायरला ते सारखे नाहीत.

शिवाय ज्या मीटरने अंतर मोजायचं तो मुळात चाकाच्या फेऱ्या मोजतो. नव्या टायरची त्रिज्या वीस सेंटिमीटरच्या आसपास, त्यातले पाच-सहा मिलिमीटर झिजले की घेर दोन-तीन टक्क्यांनी कमी होतो. तेवढ्याच रस्त्याला फेऱ्या जास्त लागतात. म्हणजे ज्या चाकावरून मीटर मोजतो ते झिजलं, तर अंतर किंचित जास्त भरतं. मापाची काठीच झिजते आहे! म्हणून मीटर वेळोवेळी तपासून सीलबंद करायचा असतो. जगात कायम राहणारं माप नसतं, माप जपावं लागतं. हा धडा तत्त्वज्ञानाच्या वर्गात समजावताना घाम फुटायचा, रिक्षात तो दीड किलोमीटरमध्ये समजतो.

एक शेवटचं खातं राहिलं. झिजलेलं रबर जातं कुठे? ढोबळ हिशेब केला तर एका रिक्षा टायरच्या वरच्या थरातून त्याच्या आयुष्यात अर्धा किलोच्या आसपास रबर उडून जातं. त्यातलं काही धुळीत, म्हणजे आपल्या श्वासात. काही पावसाबरोबर गटारात आणि साकीनाका-कुर्ल्याकडून मिठी नदीत. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की टायर टिकावा म्हणून त्यात घातलेल्या एका रसायनापासून तयार होणारा पदार्थ तिथल्या सॅमन माशांना मारतो. झिजेवरचं औषध माशांना विष ठरलं. तेव्हा झीज ही संपून जाणारी गोष्ट नाही, ती फक्त जागा बदलते. तळव्यावरून टायरवर आली, टायरवरून नदीत गेली.

आता विजेच्या रिक्षा येत आहेत. धूर नाही, आवाज नाही, स्वागतच आहे. पण बॅटरी जड असते आणि विजेची मोटर पहिल्या क्षणालाच पूर्ण जोर लावते. हा जोरही मागच्याच चाकांतून जाणार. म्हणजे १९७७ ला इंजिन मागे गेलं तेव्हा जे झालं, वायूचं सिलिंडर आलं तेव्हा जे झालं, तेच पुन्हा होणार. या वेळी निदान आधी हिशेब मांडता येईल. भाड्याच्या सूत्रात टायर हे वेगळं कलम करता येईल. तीनचाकीच्या खाचेची मर्यादा वाढवता येईल. रस्त्याच्या ठेकेदाराकडून नुसती खड्ड्यांची हमी न घेता पृष्ठभागाचीही घेता येईल. यातलं काहीच अवघड नाही. फक्त ‘झीज कोणाची?’ या प्रश्नाला ‘टायरची’ हे उत्तर देणं आपण थांबवायला हवं.

पुढच्या वेळी स्टँडवर रिक्षात चढण्याआधी एकदा मागच्या चाकाकडे नजर टाका. खाच दिसते का, कुठली कड गेली आहे. चालकाला विचारलंत तर तो सांगेल, आणि आमच्यापेक्षा नेमकं सांगेल. आता प्रश्न घेऊ.